एकोणचाळीस आरचे तुकडे आणि न बांधलेली घरं

प्रति,
मा. संपादक,

स. न. वि. वि.

नाशिक महापालिकेच्या हद्दीत ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जागेवर गृहप्रकल्प उभारायचा, तर त्यातली काही घरं दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटासाठी बांधावी लागतात. सर्वसमावेशक गृहनिर्माणाचा हा नियम ८ नोव्हेंबर २०१३ रोजी आला आणि पुढे २०२० च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीतही कायम राहिला. २०११ च्या जनगणनेत ज्या महापालिकांची लोकसंख्या दहा लाखांच्या वर होती त्यांच्यासाठी तो आहे. नाशिकची तेव्हा १४ लाख ८६ हजार होती. घर ३० ते ५० चौरस मीटरचं, म्हणजे वन रूम किचन किंवा लहान वन बीएचके. सोडत म्हाडा काढते. लोक याला नुसतं 'वीस टक्के योजना' म्हणतात.

बारा वर्षं उलटून गेली. या काळात गंगापूर रोडपासून पाथर्डी फाट्यापर्यंत आणि म्हसरूळपासून आडगावपर्यंत किती प्रकल्प उभे राहिले हे नाशिककरांनी डोळ्यांनी पाहिलं आहे. त्या मानाने वीस टक्के योजनेतलं घर मिळालेला माणूस आपल्या ओळखीत शोधून पाहावा. मी भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होतो, आता निवृत्त आहे. ही घरं कुठे गेली याचं उत्तर निदान काही अंशी मला मोजणीच्या कागदांवर दिसत आलं, म्हणून हे पत्र लिहितो आहे.

सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये लिहितात. ४,००० चौरस मीटर म्हणजे बरोबर ४० आर. एक एकर भरतो साधारण ४०.४७ आर. अख्खा एकर असला की नियम लागतो, आणि त्यातून जेमतेम अर्धा आर, म्हणजे एखाद्या मोठ्या खोलीएवढी जागा बाजूला काढली की नियम सुटतो. ही गोष्ट ज्याला जमिनीचा व्यवहार कळतो त्याच्या पहिल्या दिवशीच लक्षात आली. त्यानंतर पोटहिस्सा मोजणीच्या, म्हणजे जमिनीचे तुकडे पाडून मोजून घेण्याच्या अर्जांत ३९ हा आकडा वारंवार दिसायला लागला.

एक गट मला नीट आठवतो. शहराच्या कडेला, पूर्वी द्राक्षबाग होती. क्षेत्र २ हेक्टर ४० आर. भावाभावांतलं खरंखुरं वाटप कसं असतं ते मोजणाऱ्याला सांगावं लागत नाही. एकाच्या वाट्याला विहीर येते म्हणून त्याचं क्षेत्र थोडं कमी धरलेलं असतं, दुसऱ्याला रस्त्याची बाजू मिळते म्हणून त्याने दोन आर सोडलेले असतात, तिसऱ्याचा आग्रह आंब्याच्या झाडासाठी असतो. बांध वाकडेतिकडे असतात, कारण बाप असल्यापासून ज्याने त्याने आपापला तुकडा कसलेला असतो. या गटात मात्र सहा तुकडे होते आणि सहाही ३९ आरचे. रेषा सरळ. उरलेले सहा आर मधून रस्ता म्हणून ठेवलेले. हद्दीच्या दगडांवरचा चुनासुद्धा ओला होता. मोजणी करणाऱ्याने मोजायचं असतं. अर्ज रीतसर होता, फी भरलेली होती, सहधारकांच्या सह्या होत्या. क-प्रत, म्हणजे मोजणीच्या नकाशाची प्रत, तयार होऊन गेली. पुढे त्या तुकड्यांवर वेगवेगळ्या भागीदारी संस्थांच्या नावाने बांधकाम परवानग्या निघाल्या. आज तिथे गेलात तर कमान एकच आहे, रखवालदाराची केबिन एकच आहे, पोहण्याचा तलाव सगळ्यांना मिळून एकच आहे आणि इमारतींना ए पासून एफ पर्यंत अक्षरं दिलेली आहेत.

हा गट एकसंध धरला असता तर काय झालं असतं? रस्ता आणि सुविधा क्षेत्र वजा केल्यावरही तिथे छोटी अशी शंभरेक घरं बांधावी लागली असती. शंभर कुटुंबं. एकही घर बांधलं गेलं नाही, आणि कागदोपत्री कुणीही काही चुकीचं केलेलं दिसत नाही. पोटविभाजन झालेल्या जमिनीचं क्षेत्र कोणत्या तारखेचं धरावं यावर नगररचनाकार आणि वकील हवा तेवढा वाद घालू शकतील. बांधावर काय झालं ते मी सांगतो आहे.

ही वाट नवी नाही. कमाल नागरी जमीन धारणा कायदा १९७६ चा. नाशिक त्यात होतं. त्या कायद्यात जादा जमिनीला सूट देताना दुर्बल घटकांसाठी घरं बांधण्याची अट घालता येत होती. तेव्हाही वारसांच्या नावे खातेफोड करून मर्यादेच्या आत बसायचे प्रकार झाले, आणि २९ नोव्हेंबर २००७ रोजी महाराष्ट्राने तो कायदाच रद्द केला. कायदा गेला, त्याच्या जागी गरिबांच्या घरांसाठी काहीतरी हवं म्हणून सहा वर्षांनी वीस टक्क्यांचा नियम आला. जुन्या कायद्याला जी भेग होती तीच याला राहिली. जमिनीवरची बंधनं क्षेत्रावर बांधली की लोक क्षेत्र बदलतात, हे आमच्या खात्यातल्या शिपायालाही माहीत होतं.

२०२२ साली विधान परिषदेत नाशिकच्या या घरांवरून मोठा गदारोळ झाला. हजारो घरं म्हाडाला मिळालीच नाहीत असा आरोप झाला, प्रकरण तेव्हाच्या महापालिका आयुक्तांच्या बदलीपर्यंत गेलं. बांधकाम व्यावसायिकांनी आरोप नाकारले. कोण खरं आणि कोण खोटं यात मी शिरत नाही, ते चौकशीचं काम आहे. माझं म्हणणं एवढंच की आरोप खरे धरा किंवा खोटे, प्रत्येक प्रकल्पाचं मूळ क्षेत्र किती, त्यात किती छोटी घरं देय होती आणि किती प्रत्यक्ष दिली, ही यादी शहरासमोर असायला हवी होती. ती असती तर वाद एका दुपारीत मिटला असता.

आता वीस टक्के या आकड्याबद्दल. लोकांना वाटतं, शंभर फ्लॅटमधले वीस गरिबांना. तसं नाही. हे वीस टक्के मूळ चटई क्षेत्र निर्देशांकावर धरतात. निर्देशांक म्हणजे जागेच्या किती पट बांधता येतं तो आकडा. नाशिकसारख्या शहरात विरळ वस्तीच्या भागात मूळ निर्देशांक १.१० आहे. रस्ता नऊ मीटरपेक्षा अरुंद असेल तर तेवढ्यावरच थांबावं लागतं. रस्ता रुंद होत गेला की महापालिकेला प्रीमियम भरून आणि टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जागेवरचा बांधकामाचा हक्क, विकत घेऊन निर्देशांक वाढवता येतो: १५ ते २४ मीटरच्या रस्त्यावर अडीचपर्यंत, ३० मीटर किंवा त्याहून रुंद रस्त्यावर तीनपर्यंत. शिवाय बाल्कनी, जिने, पॅसेज यांसाठी निवासी बांधकामाला ६० टक्क्यांपर्यंत पूरक क्षेत्र मिळतं ते वेगळं.

एक एकराचा हिशेब मांडतो. ४,०४७ चौरस मीटरला १.१० ने ४,४५२ चौरस मीटर मूळ चटई क्षेत्र होतं. त्याचे वीस टक्के ८९०. साधारण वीस-बावीस छोटी घरं. पण १८ मीटरच्या रस्त्यावर त्याच जागेत अडीच निर्देशांकाने १०,११८ चौरस मीटर बांधता येतं. त्याच्याशी ताडून पाहिलं तर गरिबांचा वाटा नऊ टक्क्यांच्या आत येतो, आणि पूरक क्षेत्र पूर्ण वापरलं तर साडेपाच टक्क्यांच्या आसपास. बिल्डरला जेवढी जास्त उंची द्याल तेवढा छोट्या घरांचा वाटा प्रमाणात कमी होत जातो.

मला हे उलटं वाटतं. रस्ता नऊ मीटरचा अठरा मीटर कुणी केला? त्यासाठी जमीन कुणाची गेली, डांबर कुणाच्या घरपट्टीतून आलं? सिंहस्थाच्या निमित्ताने नाशिकमध्ये आत्ता रस्ते रुंद होत आहेत, रिंगरोडचं काम आहे. हे सगळं सार्वजनिक पैशातून होतं आहे आणि त्यातल्या प्रत्येक रुंद रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या जमिनीला एका रात्रीत जास्त मजल्यांचा हक्क मिळणार आहे. प्रीमियमपोटी महापालिकेला पैसे मिळतात हे खरं, टीडीआरही विकत घ्यावा लागतो. पण पैसे तिजोरीत जातात, त्या रस्त्यावर राहायला कोण येतं हे पैशाने ठरत नाही. वाढीव मजल्यांमधला काही वाटा घरांच्या रूपातच घ्यायला हवा.

माझी भाची एका खासगी रुग्णालयात परिचारिका आहे. नवरा टेम्पो चालवतो. दोघं मिळून घर चालवतात, लहान मुलगा आहे. आधी ओझरला भाड्याने राहत होती. रात्रपाळी संपवून सकाळी द्वारका चौकात बससाठी उभी राहायची, घरी पोचेपर्यंत मुलगा शाळेत गेलेला असायचा. तिला म्हाडाच्या सोडतीत वीस टक्के योजनेतलं घर लागलं. उत्पन्नाचा दाखला, अधिवासाचा दाखला, अनामत रक्कम, देकारपत्र, बँकेचे हेलपाटे, हे सगळं तिने ड्युटी सांभाळून केलं. कर्जाचा हप्ता जवळपास जुन्या भाड्याएवढाच बसतो, कारण या घरांची किंमत बांधकाम खर्चाच्या हिशेबाने ठरते, आजूबाजूच्या फ्लॅटच्या भावाने नाही. आता रुग्णालय स्कूटरवर दहा-बारा मिनिटांवर आहे. मुलाला शाळेत सोडून ती झोपते. संध्याकाळी त्याचा अभ्यास घेते.

ज्या प्रकल्पात तिला घर मिळालं तिथे पुढे दोन उंच इमारती आहेत आणि मागच्या कुंपणाला लागून एक चार मजली इमारत आहे. तीच वीस टक्केवाल्यांची. मुख्य फाटकातून यांना जायची सोय नाही. मागच्या गल्लीतून एक छोटं लोखंडी दार आहे, त्याची कडी आतून लावायची. बागेला मधोमध जाळी लावलेली आहे. भाचीचा मुलगा जाळीपलीकडच्या मुलाच्याच वर्गात शिकतो. तो एकदा जाळीवरून चढून पलीकडे खेळायला गेला तर रखवालदाराने नाव विचारून परत पाठवला. तो रखवालदार स्वतः चुंचाळ्यात एका खोलीत चौघांबरोबर राहतो. या प्रकल्पाचं नाव मी लिहीत नाही, कारण असा तो एकटाच आहे असं मला वाटत नाही.

घर मिळालं याचं मोल भाचीला आणि मला पूर्ण कळतं. त्या जाळीवरून मी हे घर कमी लेखणार नाही. पण सर्वसमावेशक म्हणायचं तर फाटक एक असलं पाहिजे, आणि ते नियमातच लिहिलेलं असलं पाहिजे.

आपल्या वाचकांमध्ये मोठ्या सोसायट्यांत राहणारी बरीच मंडळी आहेत. मजले वाढवायचं नाव काढलं की त्यांचा पहिला प्रश्न पाण्याचा असतो, दुसरा पार्किंगचा. दोन्ही प्रश्न खरे आहेत. उन्हाळ्यात टँकर कुठल्या भागात फिरतात हे सगळ्यांना माहीत आहे. म्हणून दाट वस्ती कुठे व्हावी आणि कुठे नको, याचा विचार झालाच पाहिजे. नऊ मीटरच्या आतल्या गल्लीत उंच इमारत नको, ही अट मला योग्य वाटते. अग्निशमनाची गाडी वळत नाही तिथे दहा मजले चढवणं म्हणजे माणसांच्या जिवाशी खेळ आहे. मुंबईत गोवंडी-मानखुर्दला लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंडच्या पुनर्वसन इमारती इतक्या खेटून उभ्या केल्या की खालच्या मजल्यांवर ऊन आणि वारा पोचत नाही. डॉक्टर्स फॉर यू या संस्थेच्या अभ्यासाने तिथल्या क्षयरोगाचा संबंध या दाटीशी असल्याचं दाखवून दिलं. गरिबांची घरं म्हणून माणसं अशी कोंबणं मला अजिबात मान्य नाही. इमारतींमधल्या अंतरात गरीब-श्रीमंत असा फरक असता कामा नये.

पण दाट वस्ती म्हणजे वाईट वस्ती, हे मी सिडकोत राहणारा माणूस मान्य करणार नाही. माझे वडील सातपूरच्या कारखान्यात फिटर होते. सिडकोच्या तिसऱ्या योजनेत त्यांना घर मिळालं, हप्त्यांवर. एका भिंतीला लागून दुसरं घर, पुढे हातभर ओटा, समोर गल्ली. सातपूर आणि अंबडच्या कामगारांसाठी आखून बांधलेली ही वसाहत. जागा लहान होती, पण पहिल्या पावसाळ्यात छत गळलं नाही, नळाला पाणी होतं, शाळा चालत जाण्याच्या अंतरावर होती आणि वडिलांची सायकल पंधरा मिनिटांत कारखान्याच्या दारात पोचत होती. आम्ही तीन भावंडं त्या घरात शिकलो. शहराने कामगारांसाठी जागा राखून ठेवली होती म्हणून हे झालं. कुणाच्या मेहेरबानीने झालं नाही, नियोजनाने झालं.

आज त्याच गल्ल्यांत काय चाललं आहे ते सांगितलं पाहिजे, कारण नाशिकमधलं खरं परवडणारं घर आज तिथे आहे. त्रिमूर्ती चौकातून पवननगरकडे चालत या. जवळजवळ प्रत्येक घरावर एक किंवा दोन मजले चढलेले दिसतील. बाहेरून लोखंडी जिना, वर दोन खोल्या, एका खोलीत मालकाचा मुलगा-सून आणि दुसरीत भाडेकरू. भाडेकरू बहुतेक अंबडचा कंत्राटी कामगार. धुळ्याचा, नंदुरबारचा, नाहीतर बिहारचा. आमच्या वरच्या खोलीत नंदुरबारकडची दोन पोरं राहतात, व्हीएमसी मशीनवर काम करतात. पाळी बदलली की एक झोपतो तेव्हा दुसरा कामावर असतो. भाडं चार हजार. या पोरांना महापालिकेच्या कुठल्याही योजनेने छप्पर दिलेलं नाही, या गल्ल्यांनी दिलं आहे. पण गल्ली नऊ मीटरच्या आतली, त्यामुळे हे वरचे मजले बरेचसे नियमात बसत नाहीत. नोटीस कधी येईल सांगता येत नाही, म्हणून कुणी पक्कं बांधत नाही, स्लॅबऐवजी पत्रे टाकतात, आणि एप्रिल-मेमध्ये त्या खोल्या तापतात.

एकीकडे कामगारांना आसरा देणारी घरं बेकायदा आणि दुसरीकडे शंभर घरं गिळणारी सहा तुकड्यांची वाटणी कायदेशीर. या दोन गोष्टी एकाच शहरात, एकाच नियमावलीखाली चालतात. मला याचा राग येतो.

नियमाविरुद्धचा एक मुद्दा मी मनापासून ऐकला आहे. माझ्या ओळखीचे एक बांधकाम व्यावसायिक आहेत, सरळ माणूस, वेळेवर ताबा देणारे. ते म्हणतात, "भाऊसाहेब, ही वीस घरं मी खर्चाच्या भावात दिली की त्याचा बोजा उरलेल्या ग्राहकांवर पडतो. मध्यमवर्गीयाला घर आणखी महाग होतं." वरवर पाहता हे पटतं. मग मी त्यांना विचारलं, जागा घेताना शेतकऱ्याला भाव कसा देता? ते म्हणाले, त्या जागेवर किती बांधून विकता येईल त्यावरून मागे हिशेब करत येतो. तेच तर आहे. वीस टक्के सगळ्यांना सारखे लागू आहेत आणि सुटका नाही, हे जागेचा सौदा करतानाच पक्कं असेल, तर तो बोजा जमिनीच्या भावात मुरतो. आज नाशिकच्या कडेच्या जमिनींना जे भाव आले आहेत त्यात तेवढी जागा आहे. पण तुकडे पाडून सुटता येतं हे सगळ्यांना माहीत असलं, की सुटणारा माणूस शेतकऱ्याला जास्त भाव देऊ शकतो आणि नियम पाळणारा तो सौदा हरतो. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "दोन जागा माझ्या हातून अशाच गेल्या." पळवाटेचा पहिला तोटा प्रामाणिक बिल्डरला होतो. त्यांच्या संघटनेनेच ती बंद करा म्हणून पुढे यायला हवं.

काय करावं याबद्दल माझं म्हणणं साधं आहे. क्षेत्र मोजताना ८ नोव्हेंबर २०१३ या दिवशी सातबाऱ्यावर जो गट किंवा सर्व्हे नंबर जेवढा होता तेवढा धरावा. त्यानंतर पडलेल्या तुकड्यांवर परवानगी मागितली तर त्या मूळ गटावरची देणी प्रत्येक तुकड्यावर त्याच्या प्रमाणात चढवावीत. एका तुकड्याच्या वाट्याला तीन घरं आली तर तीन, सोळा आली तर सोळा. फेरफार संगणकावर आहेत, जुने नकाशे स्कॅन झालेले आहेत, हे शोधणं आता अवघड राहिलेलं नाही. याच शहरात फ्लॅटमधल्या कपाटाची काही चौरस फूट जागा चटई क्षेत्रात धरायची की नाही यावरून अनेक इमारतींचे पूर्णत्वाचे दाखले वर्षानुवर्षं अडकून पडले होते. कपाट मोजू शकणारी यंत्रणा सहा तुकड्यांची बेरीजही करू शकते.

खऱ्या वाटपाला यातून त्रास होऊ नये, हेही तितक्याच आग्रहाने सांगतो. २०२५ साली सरकारने शहरी भागात तुकडेबंदी, म्हणजे जमिनीचे लहान तुकडे विकण्यावरची बंदी, शिथिल करण्याचा निर्णय जाहीर केला, त्याचं मी स्वागत केलं आहे. गुंठा-दीड गुंठा घेऊन घर बांधलेल्या, दस्त नोंदवता येत नाही म्हणून वर्षानुवर्षं टांगणीवर राहिलेल्या लोकांना मी कचेरीत रडताना पाहिलं आहे. त्यांचा आणि या प्रश्नाचा काही संबंध नाही. ज्याला स्वतःच्या दोन-चार गुंठ्यांवर घर बांधायचं आहे त्याला देणं लागू नये. पण तुकडे पाडणं सोपं झालं असेल, तर तुकड्यांवर बांधली जाणारी संकुलं मोजायची पद्धत आधी सुधारली पाहिजे, नाहीतर ३९ आरचे पीक आणखी जोमात येईल.

आणि ४० आरला ही एवढी मोठी पायरी कशाला? ३९ आरला शून्य आणि ४० ला वीस टक्के, अशी पायरी असली की लोक पायरीच्या खाली थांबणारच. वीस आरपासून थोड्या टक्क्यांनी सुरुवात करून क्षेत्राबरोबर वाटा चढत न्यावा. तुकडे पाडून फायदाच उरणार नाही अशी रचना असली की तपासणाऱ्यावरचा भारही कमी होतो. पंधरा मीटरच्या वरच्या रस्त्यांवर प्रीमियम आणि टीडीआर धरून जेवढं चटई क्षेत्र वापरलं, त्या सगळ्यावर छोट्या घरांचा वाटा ठरवावा. वीस टक्के जड होत असतील तर दहा ठेवा, पण वापरलेल्या पूर्ण क्षेत्रावर ठेवा. वरच्या एकराच्या हिशेबात तेसुद्धा आजच्यापेक्षा जास्त घरं देतं.

सिडकोतल्या आमच्यासारख्या गल्ल्यांसाठी वेगळा विचार हवा. तिथे टीडीआर नको, उंची नको. पण तळमजल्यावर एक पक्का मजला, जिना, दोन बाजूंनी हवा, एवढ्याला सरळ परवानगी द्यावी आणि वर भाड्याची खोली आहे असं लिहून द्यायला लावावं. नंदुरबारच्या पोरांच्या डोक्यावर पत्र्याऐवजी स्लॅब येईल, एवढीच माझी अपेक्षा आहे.

शेवटी आपल्या वृत्तपत्राकडून एक मागणं. महापालिकेच्या नगररचना विभागाकडे माहिती अधिकारात पाच रकाने मागावेत: २०१३ नंतर परवानगी दिलेल्या प्रत्येक मोठ्या प्रकल्पाचा गट नंबर, परवानगीच्या वेळचं क्षेत्र, ८ नोव्हेंबर २०१३ चं क्षेत्र, देय असलेली छोटी घरं आणि म्हाडाला प्रत्यक्ष मिळालेली घरं. ती यादी वॉर्डनिहाय छापावी. वाचकांनाही हे घरबसल्या तपासता येतं. गृहप्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचं नाव टाकलं की जमिनीचा गट किंवा सर्व्हे नंबर मिळतो. तो नंबर सरकारच्या महाभूलेख संकेतस्थळावर टाकला की सातबारा दिसतो. शेजारचे सगळे पोटहिस्से ३८-३९ आरचे दिसले आणि फेरफाराची तारीख २०१३ नंतरची निघाली, तर तो प्रकल्प यादीत पहिला घ्या. फेरफार वाचता येत नसेल, क-प्रतीवरच्या खुणा कळत नसतील, तर मी दर रविवारी सकाळी पवननगरच्या वाचनालयात बसेन. कागद घेऊन या, वाचायला मी शिकवतो.

आपला,
एक निवृत्त भूकरमापक
सिडको, नाशिक